महाविद्यालयाच्या संघांना टोपणनावे पडतात कशी?

जिमखाना सचिव

नमस्कार. मी नागपुरात हिंगणा मार्गावरील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला शिकतो आणि यंदा विद्यार्थ्यांच्या वतीने जिमखान्याचे काम माझ्याकडे आहे. आमचे कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल आणि फुटबॉलचे संघ आजवर केवळ महाविद्यालयाच्या नावाने खेळत आले. ते नाव संस्थापकांच्या संपूर्ण नावासह एवढे लांब आहे की जर्सीच्या पाठीवर दोन ओळींतही मावत नाही, आणि सामन्याच्या वेळी घोषणा देणाऱ्यांचा दम निम्म्यातच संपतो. म्हणून या सत्रापासून सर्व संघांना मिळून एकच छोटे नाव द्यावे, असे प्राचार्यांच्या बैठकीत ठरले आणि त्यासाठी पाच जणांची समिती नेमली गेली.

समितीपुढे आतापर्यंत ‘टायगर्स’, ‘वॉरियर्स’, ‘ऑरेंज आर्मी’ आणि ‘गोंडवाना वॉरियर्स’ ही नावे आली आहेत. पेंच, ताडोबा, बोर आणि उमरेड-कऱ्हांडला यांच्या मधोमध बसलेल्या शहरात ‘टायगर्स’ हे नाव आणखी किती संघ घेणार, असा प्रश्न मला पडतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन संघांची ‘बॉयलरमेकर्स’, ‘टार हील्स’, ‘सूनर्स’ अशी विचित्र नावे मी ऐकली आहेत. ती नावे कोणी ठरवली, की आपोआप पडली, आणि शंभर वर्षे टिकली कशी, हे कोणी सविस्तर सांगू शकेल काय?

जाता जाता एक गोष्ट सांगतो. आमचे मैदान भर काळ्या मातीचे आहे. पावसाळी सत्रात सरावाहून सरळ सामन्याला गेलो की बुटांना अर्धा-अर्धा किलो माती चिकटलेली असते, आणि त्यामुळे इतर महाविद्यालयांची मुले आम्हाला ‘चिखलवाले’ म्हणून चिडवतात. आमचे खेळाडू त्यावरून फार चिडतात. चांगले नाव लवकर मिळावे, अशी घाई आम्हाला आहे ती त्यामुळेच.

वाबाशकाठचा नागपूरकर

मी मूळचा अजनीचा. पदव्युत्तर शिक्षणासाठी इंडियाना राज्यातील पर्ड्यू विद्यापीठात होतो, त्यामुळे ‘बॉयलरमेकर्स’ या नावाची हकीकत मला तिथल्या पहिल्याच आठवड्यात ऐकवली गेली. ती जरा तपशिलात सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिच्यात आहे.

पर्ड्यूची स्थापना 1869 मधली. 1862 च्या कायद्याने अमेरिकी सरकारने राज्यांना जमिनी दिल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढावीत असे सांगितले. त्या योजनेतून उभे राहिलेले हे विद्यापीठ. जवळच क्रॉफर्ड्सव्हिल गावात वाबाश महाविद्यालय आहे. ते 1832 चे, म्हणजे पर्ड्यूपेक्षा बरेच जुने, आणि तेथील शिक्षण ग्रीक-लॅटिनच्या परंपरेतले. आपल्याकडे एकेकाळी बी.ए.च्या मुलांनी आयटीआयच्या मुलांकडे ज्या नजरेने पाहिले असेल, साधारण त्याच नजरेने वाबाशवाले पर्ड्यूकडे पाहत. जी मुले वर्गात भट्टी पेटवतात, ऐरणीवर घण घालतात आणि हात काळे करून घेतात त्यांना विद्यार्थी तरी कसे म्हणायचे, असा एकूण सूर होता. ‘लोहार’, ‘मक्याच्या शेतातले खलाशी’, ‘भोपळे सोलणारे’ अशी शेलकी नावे त्यांना आधीपासूनच दिली जात होती.

1891 च्या ऑक्टोबरमध्ये पर्ड्यूच्या संघाने क्रॉफर्ड्सव्हिलला जाऊन वाबाशचा फुटबॉलमध्ये 44 विरुद्ध 0 असा धुव्वा उडवला. (हा अमेरिकी फुटबॉल, आपला नव्हे.) पराभूत गावच्या वर्तमानपत्राने सामन्यानंतर मथळा दिला तो अशा आशयाचा, की निरपराधांची कत्तल झाली आणि पर्ड्यूच्या धिप्पाड बॉयलर घडवणाऱ्यांनी वाबाशला पार गाडून टाकले. ही मुले विद्यार्थी नसून रेल्वेच्या कारखान्यातून आणलेले कामगार आहेत, अशी वदंताही त्या काळची म्हणून सांगितली जाते. मथळ्यातला हेतू उघडच टोमण्याचा होता. परंतु पर्ड्यूच्या मुलांना तो शब्द भलताच आवडला. आठवडाभरात पर्ड्यूजवळच्या लाफायेट शहराच्या वर्तमानपत्रानेही तोच शब्द आपल्या संघासाठी कौतुकाने वापरला, आणि नाव पक्के झाले. समिती नाही, ठराव नाही, मतदानही नाही.

ते टिकले कसे, हा तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. मला वाटते, ते नाव खोटे नव्हते म्हणून टिकले. त्याच वर्षी पर्ड्यूने प्रयोगशाळेसाठी ‘शेनेक्टेडी’ नावाचे एक संपूर्ण वाफेचे इंजिन मिळवले होते. ते इमारतीच्या आत रोलरवर उभे करायचे, जागच्या जागी चालवायचे आणि त्याची ताकद मोजायची, असा तो प्रकार होता. ज्या संस्थेत इंजिनावर संशोधन चालते तिला कोणी ‘बॉयलरवाले’ म्हटले, तर चिडण्यासारखे त्यात फारसे उरत नाही. पुढे 1940 मध्ये विद्यार्थ्यांनी रस्त्यावर धावणारे, इंजिनाच्या आकाराचे एक वाहनच संघाचे चिन्ह म्हणून आणले. त्याची शिट्टी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला मोतीबागच्या नॅरोगेज वर्कशॉपची आठवण झाली होती, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

‘सूनर्स’ची गोष्ट थोडक्यात अशी. 22 एप्रिल 1889 रोजी दुपारी बाराच्या ठोक्याला ओक्लाहोमातील मोकळी जमीन वसाहतीसाठी खुली होणार होती, आणि जो आधी पोहोचेल त्याची ती जागा, असा नियम होता. काही जण नियम मोडून ठोक्याच्या आधीच आत शिरले आणि दबा धरून बसले. त्यांना ‘सूनर’, म्हणजे वेळेआधी पोहोचलेले, म्हणत. हा शब्द शिवीसारखाच होता. दोन दशकांच्या आत तोच ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संघाचे नाव झाला. खो-खोच्या भाषेत सांगायचे तर, ‘खो’ मिळण्याआधीच उठलेल्या गड्यांचे हे नाव आहे.

जुना पंच

मी शारीरिक शिक्षण संचालक म्हणून निवृत्त झालो आहे आणि आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या कडेला आयुष्याची तीस वर्षे उभी काढली आहेत. वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. त्यात एवढीच भर घालतो की परिपत्रकाने दिलेले नाव आणि तोंडाने घेतलेले नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नागपूरकराला हे अमेरिकेहून शिकण्याची गरज नाही. 1885 साली सुरू झालेल्या मॉरिस कॉलेजचे आजचे अधिकृत नाव वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था असे आहे. तरीही ऑटोवाल्याला तुम्ही ‘मॉरिस कॉलेज टी-पॉइंट’ सांगता, आणि तो तुम्हाला बरोबर नेऊन सोडतो. सीताबर्डी तर बोलण्यात कधीचीच ‘बर्डी’ झाली आहे.

तेव्हा समितीने उद्या ‘वॉरियर्स’ ठरवले आणि जर्सीवर छापले, तरी समोरच्या बाजूने ओरडणारी मुले ‘चिखलवाले’ असेच ओरडतील. तुमच्या संघाला नाव मिळायचे ते आधीच मिळालेले आहे. ते घ्यायचे की त्याच्यापासून पळायचे, एवढाच निर्णय तुमच्या हातात आहे.

शंकेखोर

पंचसाहेबांचा आदर राखून विरोध नोंदवतो. टोमण्यातून जन्मलेली नावेच टिकतात, हा निष्कर्ष घाईचा आहे. ड्यूक विद्यापीठाच्या ‘ब्लू डेव्हिल्स’चे उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धातील फ्रेंच पहाडी पलटणीला ‘निळे सैतान’ म्हणत. त्या पलटणीचे नाव युद्धानंतर अमेरिकेत गाजत होते, आणि विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राने 1922 मध्ये ते सरळ उचलून वापरायला सुरुवात केली. ड्यूकचा आणि आल्प्स पर्वताचा काही संबंध नाही. तरी नाव शंभर वर्षे टिकले. म्हणजे बसून, विचार करून निवडलेले नावही चालते.

शिवाय व्यवहार पाहा. कॅम्पसमध्ये मुलाखती घ्यायला येणाऱ्या कंपनीसमोर ‘चिखल’ हा शब्द मिरवणे कोणत्या प्राचार्यांना रुचेल?

मतदान मात्र जपून घ्या. स्टॅनफर्डमध्ये 1972 साली ‘इंडियन्स’ हे नाव सोडल्यावर नवे नाव निवडण्यासाठी पुढे विद्यार्थ्यांचे मत घेतले गेले. तेव्हा विद्यार्थ्यांनी संस्थापक लेलँड स्टॅनफर्ड यांच्या रेल्वेच्या धंद्याकडे बोट दाखवून ‘रॉबर बॅरन्स’, म्हणजे ‘लुटारू सरदार’, या नावाला सर्वाधिक मते दिली. प्रशासनाने अर्थातच ते नाकारले. शेवटी 1981 मध्ये ‘कार्डिनल’ हे नाव ठरले, आणि तो एक लाल रंग आहे, पक्षी नव्हे, हे लोकांना आजही समजावून सांगावे लागते.

कोयतूर

मला प्रश्नातील ‘गोंडवाना वॉरियर्स’ या पर्यायाबद्दल लिहायचे आहे. मी स्वतः गोंड आहे आणि नागपुरातच वाढलो. हे शहर गोंड राजा बख्त बुलंद शाह याने 1702 च्या सुमारास वसवले. त्यामुळे गोंडांचे नाव कोणी आदराने घेत असेल तर त्यात मला वावगे वाटत नाही. परंतु नाव घेणाऱ्या संघात आमची मुले किती आहेत, समितीत कोणी आहे काय, आणि नावाबरोबर पिसांचा मुकुट आणि भाला घेतलेले चित्र जर्सीवर येणार आहे काय, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत. असले चित्र आले तर तो आदर राहत नाही, सोंग होते.

अमेरिकेने हा धडा फार उशिरा घेतला. तेथील महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेने 2005 मध्ये आदिवासींच्या नावांचा व चित्रांचा अवमानकारक वापर करणाऱ्या संस्थांवर आपल्या स्पर्धांपुरते निर्बंध घातले. फ्लोरिडा राज्य विद्यापीठाला ‘सेमिनोल्स’ हे नाव ठेवता आले, कारण सेमिनोल जमातीने स्वतः त्याला पाठिंबा दिला. नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या ‘फायटिंग सू’ या नावाला मात्र तेथील दोन जमातींपैकी एकीची संमती मिळाली आणि दुसरीची मिळाली नाही. प्रकरण न्यायालय, विधिमंडळ आणि जनमत अशा तिन्ही ठिकाणी गेले. 2012 मध्ये नाव निवृत्त झाले आणि 2015 मध्ये ‘फायटिंग हॉक्स’ हे नवे नाव निवडले गेले. मधली तीन वर्षे तो संघ टोपणनावाशिवाय खेळला.

चिडवण्याचे नाव स्वतःहून अंगावर घेणे वेगळे आणि दुसऱ्याच्या समाजाचे नाव परस्पर अंगावर घालणे वेगळे. वरच्या उत्तरांत हा फरक सुटला आहे, म्हणून लिहिले. आमच्या लोकांना जग गोंड म्हणते. आम्ही स्वतःला कोयतूर म्हणतो.

खुंटापासून खुंटापर्यंत

विद्यापीठाच्या महिला खो-खो संघात दोन वर्षे खेळले आहे, त्यामुळे एक मुद्दा मांडते. नाव कोणतेही घ्या, पण ते मुलामुलींचे एकच असू द्या. इंग्रजीत ‘टायगर्स’ ठेवून मुलींच्या संघाला ‘लेडी टायगर्स’ म्हणण्याची पद्धत आहे, आणि त्यात मूळ संघ मुलांचा आणि आमचा संघ जोडपुरवणी, असा अर्थ निघतो. टेनेसी विद्यापीठात मात्र हा प्रश्न उलटा झाला. तेथील महिला बास्केटबॉल संघाने ‘लेडी व्हॉल्स’ (‘व्हॉल्स’ म्हणजे ‘व्हॉलंटियर्स’, स्वयंसेवक) हे नाव एवढे गाजवले होते, की 2015 मध्ये बाकीच्या महिला संघांचे ‘लेडी’ काढून टाकल्यावर माजी खेळाडूंनीच आवाज उठवला आणि 2017 मध्ये ते नाव परत द्यावे लागले. म्हणजे मुलींना विचारून ठरवा, एवढेच माझे म्हणणे आहे.

मराठीत ही अडचण आणखी टोकदार आहे, कारण ‘वाघ’ म्हटले की ‘वाघीण’ वेगळी काढावी लागते आणि क्रियापदही बदलते. ‘चिखलवाले’ला ‘चिखलवाल्या’ करावे लागेल. ‘काळी माती’ मात्र कोणाचीही असू शकते. आमच्या वेळी तुमच्या मैदानावर सामना असला की आम्ही बुटांची दुसरी जोडी घेऊन यायचो, हेही मान्य करते. चिडवणाऱ्यांत मीही होते.

वाबाशकाठचा नागपूरकर

खो-खोवाल्या ताईंनी ‘काळी माती’ म्हटले आणि मला आपण ‘टार हील्स’बद्दल लिहायचे विसरलो, याची आठवण झाली. हिंगण्याच्या मैदानाला सर्वांत जवळचे उदाहरण तेच आहे.

नॉर्थ कॅरोलिनात पाइनची अफाट जंगले होती. इंग्रज राजवटीच्या काळापासून तेथे लाकूड मातीखाली मंद जाळून डांबर काढले जाई, आणि लाकडी जहाजांच्या फटी बुजवण्यासाठी, दोर टिकाऊ करण्यासाठी त्याचा व टर्पेंटाइनचा मोठा व्यापार चाले. हे काम करणारी माणसे गरीब, त्यांत गुलामही पुष्कळ, आणि अनेक जण अनवाणी. त्यांच्या टाचांना डांबर चिकटून राही. ‘टार हील’ म्हणजे डांबराळलेल्या टाचेचा माणूस, आणि शेजारच्या राज्यांत हा शब्द गावंढळ, हलका या अर्थाने वापरला जाई. यादवी युद्धात त्या राज्याच्या सैनिकांनी तो स्वतःच्या तोंडी घेतला आणि त्याला वेगळा अर्थ दिला: आमच्या टाचा चिकट आहेत, म्हणून आम्ही रणातून हलत नाही. त्याभोवती आख्यायिका अनेक आहेत आणि प्रत्येकीत कोणता ना कोणता सेनापती आहे. त्या सगळ्या खऱ्या मानण्याची गरज नाही. त्याच राज्यातील चॅपेल हिलच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी 1893 मध्ये आपले वर्तमानपत्र सुरू केले तेव्हा त्याचे नाव ‘द टार हील’ ठेवले. बास्केटबॉल पाहणाऱ्यांना त्या विद्यापीठाकडून खेळलेल्या मायकेल जॉर्डनमुळे ते नाव आज जगभर ठाऊक आहे. टाच हा शब्द जर्सीवर चालतो, तर माती का चालू नये?

शंकेखोर यांच्या व्यवहाराच्या मुद्द्यालाही उत्तर देतो. सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तेथील प्रशासनाला ‘सी लायन्स’, म्हणजे समुद्रसिंह, हे भारदस्त नाव हवे होते. विद्यार्थ्यांना हवी होती ती त्या परिसरातल्या जंगलात ओल्या पाचोळ्यावर सरपटणारी पिवळी गोगलगाय, जिच्या पाठीवर शंखही नसतो. 1986 मध्ये मतदान झाले, गोगलगाय प्रचंड मतांनी जिंकली आणि ‘बनाना स्लग्स’ हे नाव अधिकृत झाले. तेथून पदवी घेणाऱ्यांना नोकऱ्या मिळायच्या थांबल्याचे ऐकिवात नाही.

शंकेखोर

गोगलगाय मान्य. ‘चिखल’ला विरोध कायम आहे, ‘काळी माती’ला नाही. अर्थात यात हार मानल्यासारखे दिसते, याची मला कल्पना आहे.

जिमखाना सचिव

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभार. काल समितीची बैठक झाली. कोयतूरदादांचे उत्तर मी शब्दशः वाचून दाखवले आणि ‘गोंडवाना वॉरियर्स’ हा पर्याय कोणतीही चर्चा न वाढवता मागे घेण्यात आला. ‘टायगर्स’ सुचवणाऱ्या सरांनी तो आग्रह अद्याप सोडलेला नाही.

बैठकीनंतर मी मुलामुलींना मैदानावरच एकत्र केले आणि ताईंच्या सूचनेप्रमाणे प्रथम मुलींच्या संघाला विचारले. खो-खोची कर्णधार म्हणाली की, प्रतिस्पर्धी मुद्दाम चिखल म्हणतात, पण हीच माती आहे म्हणून आमचे गडी घसरत नाहीत आणि बाहेरचे घसरतात, हे त्यांना सामन्यानंतर आठवत नाही. त्यानंतर कबड्डीच्या मुलांनी स्वतःहूनच ‘काळी माती’ची घोषणा देऊन पाहिली. ती एका दमात होते. आता समितीपुढे दोन नावे आहेत, ‘टायगर्स’ आणि ‘काळी माती’, आणि पुढच्या महिन्यात सर्व खेळाडूंचे मत घेतले जाईल.

एक शेवटचा प्रश्न. ‘काळी माती’ निवडून आले तर जर्सीचा रंग काळा ठेवावा, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. त्यात कोणाला काही अडचण दिसते काय?

वाबाशकाठचा नागपूरकर

पर्ड्यूचे रंग काळा आणि जुन्या सोन्यासारखा पिवळा असे आहेत. नागपूरकराला त्यांत काळी आणि पिवळी मारबतच (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने काढले जाणारे पुतळे) दिसणार, त्यामुळे एकत्र घेताना विचार करा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सामना लागला तर प्रतिस्पर्धी ‘घेऊन जा गे मारबत’ असे ओरडल्याशिवाय राहणार नाहीत.

जुना पंच

काळा रंग डाग लपवतो, हे खरे. परंतु ऑक्टोबरच्या उन्हात दुपारी दोनच्या सामन्याला काळी जर्सी घालून फुटबॉल खेळवणार असाल, तर माझा सल्ला असा की अंगावर पांढरी किंवा फिकी जर्सी ठेवा, नाव काळ्या अक्षरांत लिहा, आणि मोजे तेवढे काळे घ्या. माती तशीही तेथेच लागते.